पंचशीला ओव्हाळचा शेरा

केज तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत जाऊन 'पंचशीलाताई कुणाला आवडतात?' असं विचारलं, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. 'कुणाला लागतात?' असं विचारलं, तर मात्र पटापट हात वर होतील. लसीचा फ्रिज बंद पडला, बोलवा पंचशीलाताईंना. नव्या नर्सला रजिस्टर कळेना, पंचशीलाताई. कुठल्या वस्तीवरच्या बाया लेकरांना टोचू देईनात, पुन्हा पंचशीलाताई. आणि काम झालं की हेच लोक चहाच्या गाड्यावर म्हणणार, "बाई कामाची हाय, पण लई नडती."

नडते, यात खोटं काही नाही. चौदा वर्षांपूर्वी ती कंत्राटी नर्स म्हणून एका गावात रुजू झाली, तेव्हा तिथल्या आरोग्य उपकेंद्रात सरपंचाचं सोयाबीन भरलेलं होतं. तपासणीच्या टेबलावर पोती, खाटेवर पोती, पाळण्यात सुतळीचा गुंडाळा. पंचशीलाने आठवडाभर गोड बोलून बघितलं. सरपंच म्हणाले, "भाव पडलाय बाई. भाव आला की हालवतो." मग लसीकरणाच्या दिवशी तिने सरळ सरपंचाच्या ओसरीत सतरंजी अंथरली आणि गावातली सगळी तान्ही लेकरं तिथं बोलावली. पहिल्या खेपेला सरपंचांना गंमत वाटली. दुसऱ्या खेपेला त्यांच्या आईची दुपारची झोप मोडली. तिसऱ्या खेपेला आत तालुक्याचे पुढारी बैठकीला बसलेले आणि बाहेर तीस लेकरांनी एकदम सूर लावला. त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर लागला आणि पोती निघाली. "भाव आला का हो?" असं तिने ट्रॅक्टरमागून ओरडून विचारलंही.

त्याच ओसरीत पहिल्या दिवशी सगळ्या बायांना कपातून चहा आला आणि पंचशीलाला कोपऱ्यात ठेवलेल्या वेगळ्या ग्लासातून. पुढच्या खेपेला तिने स्वतःचा कप पिशवीतून आणला, सगळ्यांसमोर काढला आणि म्हणाली, "आमच्या घरचा हाय, ह्यातच द्या. तुमच्या ग्लासाला कावून त्रास?" तिसऱ्या खेपेला सरपंचाच्या सुनेने मान खाली घालून घरातला कप दिला. पंचशीलाने तो घेतला, पण 'असू द्या, चालतं' वगैरे गोड बोलून तिची सुटका केली नाही.

अकरा वर्षं अशी नोकरी केल्यावर कंत्राट संपलं आणि पुण्याच्या एका संस्थेने तिला घेतलं. ही संस्था दवाखाने बांधत नाही, शिबिरं घेऊन फोटो छापत नाही. जे सरकारी दवाखाने आहेत तेच नीट चालावेत, एवढंच तिचं काम. फ्रिजचं तापमान बघा, कर्मचाऱ्यांना शिकवा, अडलं तिथं शेजारी बसून सोडवा. ऐकायला साधं वाटतं, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून 'मीठ कमी पडतंय' म्हणण्याइतकंच ते अवघड आहे. म्हणून संस्थेचा एक नियम होता, तो पुण्याच्या मॅडम प्रत्येक बैठकीत सांगत : बोट दाखवायचं नाही, हात द्यायचा. पंचशीलाने एकदा विचारलं होतं, "मॅडम, हात देताना बोटं घरी ठिवून यायची का?" सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण जरा कमी.

तरी पंचशीला तो नियम पाळायला शिकली. इतकी शिकली, की त्याचीच शिक्षा तिला पुढे भोगावी लागली.

हिवरजवळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात निवृत्तीमामा नावाचे शिपाई होते. नोकरी संपायला आठ महिने उरलेले, टोपी कायम कडक इस्त्रीची, आणि लसीच्या खोलीची किल्ली कमरेला. खरं तर लस सांभाळायचं काम औषधनिर्मात्याचं. पण तो दोन वर्षांपासून कागदावर इथं आणि देहाने दुसरीकडे होता. त्यामुळे सकाळी फ्रिज उघडणं, डबे भरणं, बर्फाच्या पिशव्या लावणं हे सगळं मामाच करत, आणि मनापासून करत. देवघराला कुणी लावणार नाही असं कुलूप त्यांनी त्या खोलीला लावलं होतं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पंचशीला भेटीला गेली, तेव्हा मामांनी तिला चहा दिला आणि खुर्ची ओढून समोर बसले. काहीतरी सांगायचं म्हणून त्यांचा चेहरा फुलला होता.

"ताई, म्या औंदा लस वाचवली बगा."

"कशी काय मामा?"

"त्या सात तारखेला इज कडाडली न् फ्रिजचं ते करंटचं खोकं जळालं. डाक्टर गेलते बीडला मीटिंगला. मेकॅनिक म्हणला सकाळी येतो. आता रातभर लस गरम हुनार का न्हाई? म्या काय केलं, समदे डबे उचलले न् बाजूच्या बर्फाच्या पेटीत ठिवले. ती चालू हुती ना! सकाळी मेकॅनिक आला, फ्रिज सुरू झाला, पुन्हा जागच्या जागी लावले. एक बाटली वाया जाऊ दिली न्हाई."

पंचशीलाच्या हातातला कप तिथंच थांबला. बर्फाची पेटी म्हणजे उणे वीस अंश. काही लसींना तिथं काही होत नाही. पण लेकरांना दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना टोचतात ती पाच रोगांची लस, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्यापासून वाचवणारी, ती एकदा गोठली की संपली. नंतर वितळवून ठेवली तरी दिसायला तशीच दिसते. बाटलीवर जो छोटा चौकोन असतो, तो उन्हाचं सांगतो, थंडीचं सांगत नाही. त्यामुळे मामांच्या सगळ्या बाटल्या अगदी निरोगी चेहऱ्याने फ्रिजमध्ये उभ्या होत्या.

"मामा, त्यातली लस टोचली का कुणाला?"

"नऊ तारखेला टोचली की. वस्तीवर. तेवीस लेकरं."

दुसऱ्या दिवशी पंचशीला दुसऱ्या केंद्रातून एक चांगली बाटली डब्यात घेऊन आली. तिने ती आणि मामांची एक बाटली दोन्ही हातांत धरून चांगल्या हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चांगली बाटली दुधट होती तशी दुधटच राहिली. मामांच्या बाटलीत वर पाणी निवळलं आणि खाली पांढरा गाळ बसला, तुरटी फिरवलेल्या हंड्यात बसतो तसा.

मामा वाकून बघत होते. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ते स्टुलावर बसले आणि एवढंच म्हणाले, "पर ताई, तुमीच म्हणलता ना, थंड ठिवा."

हे मात्र पंचशीलाच्या जिव्हारी लागलं. कारण ती तसं म्हणाली होती. मागच्या वर्षी केजला दोन दिवसांचं प्रशिक्षण तिनेच घेतलं होतं. हिवरजवळ्याच्या नावावर तो कागदावरचा औषधनिर्माता आला, सही करून जेवून गेला. मामाही आले होते, पण चहा द्यायला. 'लसीला ऊन लागू देऊ नका, थंड ठेवा' हे वाक्य पंचशीला बोलत होती, तेव्हा मामा ट्रे घेऊन आत होते. 'पण गोठू देऊ नका' हे पुढचं वाक्य आलं, तेव्हा ते बाहेर कप विसळत होते. ज्याच्या हातात रोज लस होती, त्याला तिने अर्धंच शिकवलं होतं. आणि ज्याला पूर्ण शिकवलं, त्याने दोन वर्षांत ती खोली पाहिली नव्हती.

बरं, एवढ्यावरही भागत नव्हतं. तिने तापमानाची वही उघडली. दिवसातून दोनदा फ्रिजचा काटा बघून आकडा लिहायचा असतो. तीन महिने सकाळी चार, संध्याकाळी चार. फ्रिज जळाला त्या सात तारखेलाही चार. आणि जून, जुलै, ऑगस्ट, प्रत्येक महिन्याच्या खाली 'पाहिले' म्हणून एक सही होती. पंचशीला ओव्हाळ. तिला तेव्हाही कळलं होतं, की हे आकडे घरबसल्या भरलेले आहेत. पण बोट दाखवायचं नाही, हात द्यायचा! तिने हात दिला होता, सही करायला.

केंद्राचे डॉक्टर विजयसिंह हे वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. वय एकोणतीस. रोज नव्वद पेशंट बघत. त्यांनी गळकं छप्पर दुरुस्त करून घेतलं होतं, भिंती रंगवल्या होत्या आणि अंगणात तुळशी लावल्या होत्या, कारण पंधरा दिवसांवर पुरस्काराची तपासणी होती. त्यांनी दोन्ही बाटल्या पाहिल्या आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, त्या मुलांना काही त्रास झालाय का?"

"न्हाई."

"मग झालं तर. साधं पाणी टोचलं असं समजू. पुढच्या डोसला भरून निघेल."

"पुढचा डोस कुठं, सर? दसरा झाला की ती वस्ती रिकामी हुती. सा महिने लेकरं उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. तिथं एकाला घटसर्प झाला तर दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर मिळायची मारामार. आई कारड बघून म्हणनार, माझ्या लेकराला तर टोचलंय, ह्याला काय हुत न्हाई."

डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या पुन्हा हातात घेतल्या. मग म्हणाले, "ठीक आहे. निवृत्तीवर नोटीस काढतो. त्याची चूक आहे, त्याने भोगावी. पण पुन्हा लसीकरण म्हणजे तेवीस घरी जाऊन आम्ही खराब लस दिली असं सांगणं. तपासणीच्या तोंडावर? गाव काय म्हणेल? उद्या कुणीच लस घेणार नाही."

"नोटीस काढायची तर पहिली माझ्यावर काढा. मामांना अर्धं म्या शिकवलं. त्या खोट्या वहीवर सही माझी हाय."

"तुम्ही माझ्या कर्मचारी नाही, मॅडम."

"तेच तर दुखनं हाय," पंचशीला म्हणाली आणि उठली.

बाहेर येऊन तिने पुण्याला फोन लावला. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "हे गंभीर आहे," त्या म्हणाल्या, "पण आपण योग्य वेळी, योग्य मार्गाने मांडू. जिल्ह्याशी आपला करार नोव्हेंबरमध्ये संपतोय. तिमाही अहवालात 'शीतसाखळीतील आव्हाने' या सदरात घेऊ या."

"मॅडम, तिमाही अहवाल छापून येस्तोवर ही लेकरं कर्नाटकात असतील."

"पंचशीलाताई, भावनिक होऊ नका."

भावनिक! बाईमाणसाने आकड्यासकट, तारखेसकट, बाटली हातात धरून खरं सांगितलं तरी ते भावनिकच ठरतं, हे पुण्यात काय आणि हिवरजवळ्यात काय, सारखंच. पंचशीलाने पदर खोचला आणि ती पुन्हा आत गेली.

प्रत्येक आरोग्य केंद्रात भेटीची एक नोंदवही असते. येणाऱ्या प्रत्येक साहेबाने, संस्थेच्या माणसाने तिच्यात शेरा लिहायचा. पानांवर छापील क्रमांक, प्रत्येक पानावर कचेरीचा शिक्का. एक पान गेलं तरी चौकशी लागते, आणि जे लिहिलं त्याचं उत्तर वर द्यावंच लागतं. म्हणूनच सगळे शहाणे लोक तिच्यात एकच वाक्य लिहितात : 'भेट दिली. काम समाधानकारक.' पंचशीलाने मागची पानं चाळली. तिचेही सात शेरे होते. सातही वेळा समाधानकारक.

तिने पान क्रमांक सत्तेचाळीस उघडलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं. 'सात सप्टेंबरच्या रात्री फ्रिज बंद असताना लस बर्फाच्या पेटीत ठेवली गेली व गोठली. नऊ सप्टेंबरला तीच लस तेवीस बालकांना देण्यात आली. सदर डोस निकामी आहेत. लस सांभाळणारे श्री. निवृत्ती यांना प्रशिक्षण मिळालेले नाही. ते मी द्यायला हवे होते. औषधनिर्मात्याचे पद कागदावर भरलेले व प्रत्यक्षात रिकामे आहे. तापमानाची वही तीन महिने खोटी भरली असून तिच्यावर माझी सही आहे. माझे यापूर्वीचे सातही शेरे रद्द समजावेत. सर्व बालकांना दसऱ्यापूर्वी पुन्हा लस देणे आवश्यक आहे.' खाली पूर्ण नाव, तारीख, वेळ.

डॉक्टरांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे पान..."

"सत्तेचाळीस नंबरचं हाय, सर."

"उद्यापासून तुम्ही या केंद्रात पाऊल ठेवायचं नाही."

"न्हाई ठिवत. लस कवा मागवताय तेवढं सांगा."

ते पुढच्या पेशंटला हाक मारून मोकळे झाले. घरी आल्यावर नवऱ्याने, सतीशने, सगळं ऐकलं. तो केज-धारूर-तेलगाव मार्गावर जीप चालवतो आणि दिवसभर इतक्या लोकांचं ऐकतो, की घरी आल्यावर फार बोलत नाही. एवढंच म्हणाला, "नोकरी जाती बग ही."

"जाऊ दे."

"उद्या वस्तीवर सोडू का जीपनं?"

"सोड," ती म्हणाली.

वस्ती म्हणजे पन्नास-साठ घरं, सगळी ऊसतोडीला जाणारी. दारोदार कोयते पाजळून ठेवलेले, गोधड्या बांधायला काढलेल्या. तिथल्या बायांवर पारूबाईंचा शब्द चाले. वय साठीचं, चाळीस हंगाम ऊस तोडून गुडघे गेलेले, आता टोळीबरोबर जाऊन नातवंडं सांभाळायची. पंचशीलाने त्यांच्याच दारात सगळ्या आयांना बोलावलं आणि आडवळण न घेता सांगून टाकलं, की नऊ तारखेला तुमच्या लेकरांना टोचलेली लस खराब होती.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि मग जो गलका उठला तो विचारू नका. एकीने शिव्या दिल्या. एक म्हणाली, "आमी गरीब हाव म्हणून आमालाच घाण लस का?" एवढ्यात मागून सायकल येऊन थांबली. निवृत्तीमामा. पंचशीलाने त्यांना येऊ नका म्हणून बजावलं होतं. मामांनी टोपी काढली, तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं डोकं कुणी उघडं पाहिलं असेल, आणि म्हणाले, "म्या ठिवली बर्फात. वाचवाया ठिवली हुती. मला ठावं नव्हतं."

बाया मामांकडे वळल्या. पारूबाईंनी मात्र मामांकडे बघितलंही नाही. त्यांनी पंचशीलाकडे बोट केलं. "त्येला ठावं नव्हतं. तुला तर ठावं हुतं ना? तू काय करत हुतीस?"

"मी सही करत हुते," पंचशीला म्हणाली.

"बरं," पारूबाई म्हणाल्या. "आता पुन्हा टोचनार म्हणती. पर तोंडी नगं. कारडावर ल्हिऊन दे, की पयली खराब हुती. न्हाई तर आमी कारखान्यावर गेलो न् तिथल्या नर्सला दावलं, तर ती म्हणनार दिल्याली हाय, जावा घरी."

चाळीस हंगाम दुसऱ्यांच्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्याशिवाय ही अक्कल येत नाही. संस्थेच्या कुठल्याही अहवालात हा मुद्दा नव्हता. पंचशीलाने पेन काढला आणि एकेक कार्ड मांडीवर घेऊन लिहीत गेली : 'दि. ९ सप्टेंबरचा डोस बाद. लस गोठलेली होती. चूक आमची. पुन्हा देणे.' खाली सही. बावीस कार्डं झाली. तेविसावं कार्ड तिथं नव्हतं. अंगद नावाच्या तरुणाची अडीच महिन्यांची मुलगी, आरोही. त्याची टोळी मुकादमाने आठवड्याआधीच बेळगावकडे नेली होती.

इकडे डॉक्टरांनी तालुक्याच्या साहेबांना फोन केला होता, ही बाई आवरा म्हणून. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "नोंदवहीत लिहिलंय? पान नंबर आहे?" आहे म्हटल्यावर साहेब म्हणाले, "मग आता मला कशाला विचारतो बाबा? लस घेऊन जा आणि टोच." सरकारी कारभाराला नावं ठेवणारे खूप आहेत. पण लिहिलेल्याला तिथं मान आहे, फक्त लिहिणारा भेटला पाहिजे.

दसऱ्याला चार दिवस राहिले असताना डॉक्टर स्वतः नर्सला आणि नव्या लसीचा डबा घेऊन वस्तीवर आले. त्यांना वाटलं होतं, दगड पडतील. तर पारूबाईंच्या दारात बावीस आया रांगेने बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात कार्ड होतं. पंचशीला एका कडेला उभी. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नर्सने पहिलं लेकरू घेतलं, तेव्हा पारूबाईंनी हात आडवा केला.

"थांब. डाक्टर, तुमची सही कुठं?"

"या मॅडमची सही आहे की खाली."

"ती संस्थेची. संस्था आज हाय, उद्या जाईल. दवाखाना कुठं जातोय?"

असं वाक्य पुण्यात कुणी भाषणात बोललं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. इथं नुसतं एक लेकरू रडलं. डॉक्टर उभे होते. कान लाल झालेले. त्यांनी खिसा चाचपला, पेन नव्हता. पंचशीलाच्या हातात होता, पण तिने पुढे केला नाही, त्यांना मागावा लागला. मग ते पारूबाईंच्या उंबऱ्यावर बसले आणि 'चूक आमची' या शब्दांखाली एकेक करत बावीस सह्या केल्या. शिक्का राहिला होता, तो आणायला निवृत्तीमामा सायकलवर दवाखान्यात गेले. तोवर सगळे थांबले. मग टोचणी झाली. एकही आई उठून गेली नाही, एकीनेही नको म्हटलं नाही.

निघताना डॉक्टर पंचशीलाजवळ थांबले. "त्या तेविसाव्या मुलीचं पत्राने कळवतो तिकडे."

"पत्र कुठल्या कोपीत पोचतं, सर? शिक्क्याचा कागद माझ्याकडं द्या."

त्यांनी तो लिहून दिला. रागातच दिला, पण नीट दिला.

दोन दिवसांनी सकाळी ती केजच्या स्टँडवर गाडीची वाट बघत असताना पुण्याहून फोन आला. करार पुढे चालू राहील, पण तिला या तालुक्यातून हलवावं अशी जिल्ह्याची इच्छा आहे, असं मॅडम म्हणाल्या. पंचशीला म्हणाली, हलवा. मॅडम म्हणाल्या, आणि बेळगावचं काय काढलंय, आपलं काम बीड जिल्ह्यापुरतं आहे. पंचशीला म्हणाली, "लेकरू बीड जिल्ह्याचंच हाय, मॅडम. माझी रजा लावा." आणि गाडी लागली म्हणून फोन ठेवला.

तीन गाड्या बदलून ती दुसऱ्या दिवशी दुपारी फडावर पोचली. अंगद ऊस तोडत होता. त्याची बायको मोळ्या बांधत होती, आणि आरोही कोपीच्या सावलीत साडीच्या झोळीत झोपलेली. पंचशीलाने दोघांना सांगायचं ते सांगितलं, कार्डावर लिहायचं ते लिहिलं आणि तिघांना घेऊन तीन किलोमीटरवरच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथली नर्स मराठी वाचणारी निघाली. तिने कार्ड बघितलं आणि मान हलवली. "ही दिलेली आहे."

"खाली वाचा."

नर्सने खाली वाचलं. मग डॉक्टरांचा शिक्क्याचा कागद वाचला. मग पुन्हा कार्डावरचे ते दोन शब्द वाचले आणि पंचशीलाकडे मान वर करून बघितलं.

"असं कुणी लिहून देतं का हो? चूक आमची म्हणून?"

"आता देतात," पंचशीला म्हणाली. "टोचा."